भुताचं नाटक पारखायचं कसं?

हुतात्मा स्मृती मंदिरातून भुताचं नाटक पाहून बाहेर पडताना सोलापुरात एक प्रश्न हमखास कानावर येतो: "घाबरलास का बे?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरावरून नाटक कळत नाही. कुणी पहिल्याच किंकाळीला खुर्चीतून उडतो, कुणी शेवटपर्यंत हलत नाही. पारख करायची तर प्रश्न जरा वाढवून विचारावा लागतो. नेमका कोणत्या क्षणी घाबरलास, आणि त्या क्षणाची तयारी नाटकानं किती आधीपासून चालवली होती? माझं ठाम मत आहे की रंगमंचावरची भीती भूत दिसतं त्या क्षणात नसते, त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात असते. तो अर्धा तास वाचता आला की भूतनाट्य पारखता येतं.

राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर नुकतेच जायला लागलेले रसिक, कॉलेजच्या एकांकिकेवर चार ओळी लिहू पाहणारी मुलं, गल्लीतल्या मंडळाच्या स्पर्धेत अचानक परीक्षकाच्या खुर्चीत बसवलेले मास्तर, या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. क्रमानं जाऊ.

तिसऱ्या घंटेच्या आधी

नाटकाबद्दल कमीत कमी माहिती घेऊन जा. जाहिरात पाहिली असेल तर ठीक, पण ज्यानं प्रयोग पाहिलाय त्याला "शेवटी काय होतं" हे विचारू नका. पहिल्यांदा पाहतानाचं अज्ञान हेच तुमचं मोजमापाचं साधन आहे, आणि ते एकदाच वापरता येतं.

जागा मधल्या रांगांत घ्या. अगदी पुढे बसलात तर रंगभूषेचे थर दिसतात, विंगेतली हालचाल दिसते आणि स्पीकर कानाशी येतो. फार मागे गेलात तर नटाचे डोळे हरवतात, आणि भुताच्या नाटकात निम्मं काम डोळ्यांचं असतं.

वही छोटी, पेन्सिल जाड. अंधारात न बघता लिहायची सवय करा: मोठी अक्षरं, एका पानावर दोन-तीनच शब्द. मोबाईल सायलेंटवर नको, पूर्ण बंद. एका पडद्याचा उजेड दहा जणांचा अंधार मोडतो, आणि या प्रकारच्या नाटकात अंधार हे नटाइतकंच महत्त्वाचं पात्र आहे. परीक्षकानंच टॉर्च लावून गुण लिहिणं तर अजिबात खपवून घेऊ नये.

दहा मिनिटं आधी आत बसा. काही दिग्दर्शक घंटेच्या आधीच काम सुरू करतात. पडदा उघडाच असतो, मंचावर एकच मिणमिणता दिवा, कुठूनतरी उदाचा वास. कधी पडद्यामागून ठोकाठोकी ऐकू येते आणि ती नाटकातली आहे की सेटवाल्यांची हे कळत नाही. हे सगळं टिपून ठेवा.

पहिली पंधरा मिनिटं: रोजचं जग किती खरं आहे?

नवखा प्रेक्षक इथे कंटाळतो, आणि खरं काम इथेच होतं. भीती वाटायला आधी सवय व्हावी लागते. दार कुठे आहे, खिडकीबाहेर काय आहे, घड्याळ चालू आहे की बंद, कोण कुठे बसतं, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलं तरच नंतर त्यातली एखादी गोष्ट जागची हलली की पोटात गोळा येतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाच्या कारणांची यादी आहे. विकृत आवाज, भूतपिशाच्च दिसणं, कोल्हे आणि घुबडं, रिकामं घर, अरण्यात जाणं अशी ती चालते, आणि तिच्यात आपल्या माणसांच्या वधाबद्दल किंवा कैदेबद्दल नुसतं कानावर येणं हेही आहे. हे शेवटचं फार मोलाचं. प्रत्यक्ष पाहणं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं, दोन्हींतून भय जन्मतं हे इतक्या जुन्या काळी नोंदवलेलं आहे. म्हणून नाटकात भुताविषयी पहिल्यांदा कोण बोलतं, किती बोलतं आणि मध्येच का थांबतं, ते ऐका.

एक काल्पनिक एकांकिका घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. सोलापुरातली बंद पडलेली एक गिरणी. रात्रपाळीचा म्हातारा रखवालदार आणि त्याच्या जागी उद्यापासून येणारा तरुण पोरगा. खोलीत एक टेबल, एक ड्रॉवर, भिंतीवर जुन्या कामगारांचा समूहफोटो. पाचव्या मिनिटाला म्हातारा टेबलावरचा मागाचा धोटा उचलतो, ड्रॉवरमध्ये टाकतो, कुलूप लावतो. बोलणं चालू आहे उधारीबद्दल. पंचविसाव्या मिनिटाला पोरगा चहाचा कप ठेवायला वळतो आणि धोटा टेबलावर आहे. संगीत नाही, किंकाळी नाही, पोराचं लक्षही नाही.

सभागृहात अशा वेळी जे होतं ते ऐकण्यासारखं असतं. आधी एखादा श्वास ओढला जातो, मग कुजबुज, मग सगळं चिडीचूप. प्रेक्षकाला जे कळलंय ते पात्राला कळलेलं नाही, आणि पुढची पाच मिनिटं त्या पोराच्या प्रत्येक हालचालीत प्रेक्षक अडकून राहतो. पण ही किमया पाचव्या मिनिटाला झाली होती. म्हाताऱ्याचं कुलूप लावणं फार ठसवून दाखवलं असतं तर प्रेक्षक सावध झाला असता. फार पुसट ठेवलं असतं तर पंचविसाव्या मिनिटाला कुणालाच काही आठवलं नसतं. या दोन टोकांच्या मधली जागा दिग्दर्शकानं कशी पकडली, ही मूल्यमापनातली पहिली आणि सगळ्यात मोठी नोंद.

वहीत तीनच खुणा

नाटक चालू असताना वाक्यं लिहीत बसू नका. तीन अक्षरं पुरतात.

"द" म्हणजे दचक. अचानक आवाज, अचानक उजेड, विंगेतून धावत आलेलं कुणीतरी. शरीर उडतं, दोन सेकंदांत ओसरतं.

"ध" म्हणजे धास्ती. काही घडलेलं नाही, पण घडणार आहे. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट, शेजारचा खोकायचाही थांबलेला.

"उ" म्हणजे उलगडा. आधी पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ आत्ता कळला आणि अंगावर काटा आला. उदाहरणार्थ, भिंतीवरच्या समूहफोटोत रखवालदार स्वतःच आहे आणि फोटोखालची तारीख साठ वर्षांपूर्वीची आहे.

घरी येऊन पानं चाळा. नुसते "द" भरले असतील तर नाटकानं तुमच्या मज्जातंतूंशी खेळ केला, मनाशी नाही. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भूतबंगला लागला असेल तर एकदा आत जाऊन या. तिथे सगळे "द" असतात, आणि बाहेर येऊन लगेच भजी खाता येतात. चांगल्या नाटकात "ध" लांबलचक असतात, "द" मोजके, आणि "उ" एक किंवा दोनच, पण उशिरा येणारे. दचक वाईट असं मी म्हणत नाही. लांबलेल्या धास्तीनंतर योग्य जागी आलेली एक दचक सगळं सभागृह उचलते. पण तीच युक्ती तिसऱ्यांदा आली की प्रेक्षक कानात बोटं घालून वाट पाहतो, आणि तिथून पुढे त्याला घाबरवणं कठीण होऊन बसतं.

अंधार आणि उजेड

झगझगीत उजेडातून एकदम काळोख झाला की पहिली काही मिनिटं आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. प्रकाशयोजनाकार याचे दोन उपयोग करतात. एक, ब्लॅकआऊट: प्रेक्षक आंधळा झालेला असतानाच नट जागा बदलतो, वस्तू हलवतो. दोन, याच्या उलट: प्रवेशभर डिमर इतका सावकाश खाली आणायचा की उजेड कमी होतोय हे कुणाच्या ध्यानातच येऊ नये. डोळे सरावलेले असतात, मंचाच्या कोपऱ्यातल्या काळोखात आकार दिसायला लागतात, आणि तिथे खरंच कुणी उभं आहे की नाही याची खात्री होत नाही. दुसरा उपयोग अवघड आहे आणि माझ्या लेखी जास्त मोलाचा. प्रवेश सुरू झाला तेव्हा मागची भिंत स्पष्ट दिसत होती का, आणि संपताना दिसत होती का, एवढं स्वतःला विचारलंत तरी ही कारागिरी पकडता येते.

हौशी प्रयोगात बऱ्याचदा भूत म्हटलं की हिरवा किंवा लाल झोत पडतो. रंगाला माझा विरोध नाही, पण तो झोत भुताच्या आधी आला की भूत येणार असल्याची वर्दीच मिळते. तशी नोंद बेधडक करा.

आवाज, आणि आवाज नसणं

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला यंत्रमागाची खटखट ऐकूच येत नाही, ती थांबली की मात्र लगेच कळतं. आपल्या गिरणीच्या एकांकिकेत चांगला ध्वनिसंयोजक हेच वापरील. सुरुवातीपासून लांबवर मागांचा मंद आवाज ठेवील, इतका मंद की दहा मिनिटांत प्रेक्षक तो विसरून जाईल. मग एका क्षणी तो बंद करील. त्या शांततेत नटानं पाणी प्यायलं तरी घोट ऐकू येतो. पार्श्वसंगीत किती "भयानक" होतं हे लिहिण्यापेक्षा ते कुठे थांबलं हे लिहा.

आवाज कुठून आला हेही पाहा. सिनेमाचा पडदा समोर असतो, पण नाटकाचं सगळं सभागृहच नाटकाचं असतं. पावलं मंचावरून न येता बाल्कनीखालून, तुमच्या मागून आली, तर भूत चौकट ओलांडून तुमच्या बाजूला आलं. हे एकदाच करावं. आणि ध्वनिमुद्रित आवाजापेक्षा विंगेत प्रत्यक्ष ओढलेली साखळी किंवा आपटलेलं दार बहुतेक वेळा जास्त खरं वाटतं, कारण त्याची दिशा आणि अंतर कानाला पटतं.

न ऐकू येणाऱ्या खोल ध्वनीबद्दल नवख्यांना फार कुतूहल असतं. विक टँडी या इंग्लंडमधल्या अभियंत्यानं १९९८ मध्ये असं मांडलं होतं, की एका प्रयोगशाळेत वाटणारी अस्वस्थता आणि डोळ्याच्या कडेला भासणारी करडी आकृती यांचं मूळ पंख्यामुळे होणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या कंपनात होतं. ऐकायला छान आहे, पण आपल्या सभागृहांतले नेहमीचे स्पीकर इतक्या खाली जात नाहीत. छातीत जाणवणारी घरघर ही बहुधा ऐकू येणारीच असते. श्रेय ध्वनिसंयोजकाला द्या, गूढाला नको.

नटाचं शरीर

भूत पाहण्याआधी आपण नटाला भूत पाहताना पाहतो. त्यामुळे घाबरणाऱ्याचा अभिनय हा भूत झालेल्याच्या अभिनयापेक्षा महत्त्वाचा. आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावना शरीरावर उमटल्याच्या खुणा, पाठ करून ठेवा: स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). मग बघा, नट यातलं काय काय वापरतो आणि कोणत्या क्रमानं. कच्चा नट थेट कंपावर जातो, थरथरतो, ओरडतो. मुरलेला नट स्तंभापासून सुरू करतो. चालता चालता थांबतो, वाक्य अर्धं राहतं. मग आवाजाचा पोत बदलतो. थरथर येते ती सगळ्यात शेवटी, तीही फक्त बोटांत. पहिल्याच प्रवेशात किंकाळी खर्च करणाऱ्याकडे शेवटच्या प्रवेशासाठी काही उरत नाही.

नजरेची एक गोष्ट खास रंगमंचाची. सिनेमात कॅमेरा दाखवील तिकडेच बघावं लागतं. नाटकात प्रेक्षक कुठेही बघू शकतो, म्हणून दिग्दर्शकाला त्याची नजर नटाच्या नजरेनं वळवावी लागते. सगळे उजव्या विंगेकडे बघत असताना डाव्या कोपऱ्यात कुणीतरी येऊन बसलेलं आहे आणि ते कधी आलं हे कुणालाच सांगता येत नाही, असं घडलं तर दिग्दर्शकाचे गुण मोकळ्या हातानं द्या.

भूत दिसतं तेव्हा

१८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी मंचावर अर्धपारदर्शक भूत उभं करून दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. मंचापुढे तिरकी मोठी काच, खाली प्रेक्षकाला न दिसणाऱ्या जागी प्रखर उजेडात उभा नट, आणि काचेत पडलेलं त्याचं प्रतिबिंब. आज जाळीचा पडदा वापरून तसंच काहीसं होतं. समोरून उजेड टाकला की तो भिंतीसारखा दिसतो, मागून टाकला की आरपार. युक्ती समजून घ्यायला हरकत नाही, पण मोजमाप वेगळं आहे. भूत दिसल्यावर शेजारचा "हे केलं कसं रे?" असं पुटपुटला, तर तो चकित झाला आहे, घाबरलेला नाही. नाट्यशास्त्राच्या भाषेत रस भयानकावरून अद्भुताकडे सरकला. तसंच रक्त, कापलेला हात, ओघळणारी रंगभूषा यांनी किळस आली की तो बीभत्स. हे तीन रस शेजारी राहतात, आणि भुताच्या नाटकांचं मूल्यमापन सगळ्यात जास्त इथेच घसरतं. प्रेक्षक ओरडला म्हणजे घाबरलाच असं धरून चालू नका.

उपकरणांशिवाय काय साधतं याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे "द वूमन इन ब्लॅक". सुझन हिल यांच्या १९८३ च्या कादंबरीवरून स्टीफन मॅलाट्रॅट यांनी केलेलं हे नाटक १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या स्कारबरोत आलं, आणि लंडनच्या फॉर्च्यून थिएटरमध्ये १९८९ ते २०२३ चाललं. बोलणारे नट दोनच. वेताची एक मोठी पेटी कधी घोडागाडी होते, कधी आगगाडीचा डबा. त्यात एक कुत्राही आहे, पण मंचावर कुत्रा नाही. नट त्याला हाक मारतो, कुरवाळतो, आणि प्रेक्षक त्या नसलेल्या कुत्र्यासाठी जीव मुठीत धरतो. यातली हुशारी बघा. नसलेलं पाहायची सवय प्रेक्षकाला आधी प्रेमानं लावली जाते, मग तीच सवय भुतासाठी वापरली जाते. तेव्हा आपल्याकडची एकांकिका पाहताना विचारा: या नाटकानं माझी कल्पनाशक्ती कामाला लावली, की सगळं दाखवून तिला सुट्टी दिली? बजेट कमी असणाऱ्या हौशी संस्थेला याहून मोठा आधार नाही.

हशा कसा मोजायचा

सोलापूरचा प्रेक्षक गप्प बसणारा नाही. ब्लॅकआऊटमध्ये मागून "ए लाईट लाव की!" अशी आरोळी येते, सगळे हसतात. याचे गुण लगेच कापू नका. ताण सुटल्याचा हशा वेगळा असतो. तो जोरात येतो आणि एकदम थांबतो, कारण लोकांना पुढचं बघायचं असतं. कंटाळ्याचा हशा विखुरलेला असतो आणि रेंगाळतो. पॅरिसच्या ग्राँ गिन्योल या १८९७ ते १९६२ चाललेल्या भयनाट्याच्या थिएटरात एकाच रात्री भीषण आणि विनोदी एकांकिका आलटून पालटून करत. हसून सैल झालेला माणूस पुन्हा घट्ट आवळता येतो, हे त्यांना ठाऊक होतं. नाटकानं स्वतःहून पेरलेला विनोद कुठे आहे आणि त्यानंतर किती वेळात धास्ती परतली, तेवढं टिपा.

मध्यंतरात चहाच्या रांगेत कान उघडे ठेवा. लोक "आता ती काय करणार?" असं बोलत असतील तर पहिला अंक जमला. पार्किंगबद्दल बोलत असतील तर नाही.

शेवट आणि नियम

प्रत्येक भूतकथेचा एक नियम असतो. मुंजा पिंपळ सोडत नाही, चकवा पहाटेपर्यंतच फिरवतो. नाटकानं स्वतःचा नियम घातला असेल तर शेवटी तो मोडू नये. बंद गिरणीतलं भूत गिरणीच्या फाटकाबाहेर येत नाही असं सुरुवातीला सांगून शेवटी ते पोराच्या घरी गेलं, तर त्याला तसंच कारण हवं. "सगळं स्वप्न होतं" किंवा "वाडा बळकावायला काकांनी रचलेला डाव होता" असा शेवट वाईटच असतो असं नाही, पण मग मागच्या प्रत्येक प्रसंगाचा हिशेब लागला पाहिजे. घरी बसून एकेक "ध" तपासा. न लागलेला हिशेब म्हणजे फसवणूक, आणि तसं स्पष्ट लिहा.

आणखी एक तपासणी, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. भूत कोण आहे? आपल्या नाटकांत ते फार वेळा छळून मारलेली बाई असते. नाटक तिचं दुःख ऐकतं का, की मोकळे केस आणि पांढरी साडी एवढ्यापुरतीच ती उरते? मांत्रिक "झपाटलेल्या" सुनेला झोडपतो आणि नाटक त्याला तारणहार ठरवतं, असं असेल तर तंत्र कितीही उत्तम असो, त्यावर बोललंच पाहिजे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि सभागृहातून बाहेर पडणाऱ्या कुणाच्या तरी घरी अशी एखादी सून असू शकते. रंगमंचावर भूत खरं असायला माझी ना नाही. माणसाला यातना देणं हा उपाय म्हणून दाखवणं मात्र मला मान्य नाही.

लिहायला बसल्यावर

शक्य असेल तर प्रयोग दुसऱ्यांदा पाहा, या वेळी मागे किंवा बाल्कनीत बसून. तुम्हाला शेवट माहीत आहे, त्यामुळे आता मंच कमी आणि प्रेक्षक जास्त पाहा. डोकी कधी स्थिर होतात, कधी शेजाऱ्याकडे वळतात, कुठल्या प्रवेशात खोकला वाढतो. पहिल्या दिवशीच्या खुणा आणि आजचं सभागृह एकाच जागी जुळलं तर तुमची नोंद पक्की.

मग "अंगावर शहारे आणणारा प्रयोग" असली वाक्यं बाजूला ठेवा. त्याऐवजी असं लिहून बघा: "ड्रॉवरला कुलूप लावण्याची क्रिया उधारीच्या संवादात बेमालूम मिसळल्यानं वीस मिनिटांनी धोटा टेबलावर दिसताच प्रेक्षागृह स्तब्ध झालं." वाचणाऱ्याला कारण कळतं, करणाऱ्याला आपण काय बरोबर केलं ते कळतं. नेमका कोणता उलगडा होतो ते फोडू नका. तो कितव्या मिनिटाला आला आणि त्याची पेरणी पुरेशी होती का, एवढं सांगणं पुरे.

प्रकाशयोजना, ध्वनिसंयोजन आणि नेपथ्य करणाऱ्यांची नावं श्रेयनामावलीतून उतरवून घ्या आणि नटांच्या बरोबरीनं छापा. भुताच्या नाटकात ही माणसं दिसत नाहीत, आणि निम्मं नाटक तीच करत असतात. वर प्रयोगाची तारीख आणि सभागृह लिहायला विसरू नका. हुतात्मामध्ये पाहिलेलं हेच नाटक बार्शीला किंवा पंढरपूरला वेगळ्या स्पीकरवर, वेगळ्या अंधारात होईल, आणि तिथल्या वाचकानं तुमची नोंद आपल्या प्रयोगाशी ताडून बघायला हवी.